ज्यूडी हॉलिडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या हॉलिवूडचा विषय निघाला की ऑड्री हेपबर्न, इन्ग्रिड बर्गमन, मॅरिलिन मन्रो ही नावं आपोआप ओठांवर येतात. मी ज्यूडी हॉलिडेचं नाव घेते तेव्हा समोरचा माणूस बहुतेक वेळा क्षणभर थांबतो. मग प्रश्न सुरू होतात, आणि ते साधारण तेच असतात. माझी ही सर्वांत आवडती विनोदी अभिनेत्री, त्यामुळे उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

ज्यूडी हॉलिडे नेमकी कोण?

न्यूयॉर्कची रंगभूमीवरची आणि पडद्यावरची अभिनेत्री, शिवाय गायिका. जन्म २१ जून १९२१, मृत्यू ७ जून १९६५. चव्वेचाळिसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर होता. एवढ्या आयुष्यात तिनं ब्रॉडवेवर दोन भूमिका अशा केल्या की त्या तिच्याच होऊन बसल्या, आणि त्या दोन्ही नंतर तिनंच पडद्यावरही केल्या: 'बॉर्न यस्टरडे'मधली बिली डॉन आणि 'बेल्स आर रिंगिंग'मधली एला पीटरसन. पहिलीसाठी ऑस्कर मिळालं, दुसरीसाठी टोनी, म्हणजे ब्रॉडवे रंगभूमीचा मोठा पुरस्कार.

म्हणजे ती जॅझ गाणारी बिली हॉलिडे का?

नाही. हा गोंधळ फार होतो आणि त्याला कारणही आहे, कारण ज्यूडी हॉलिडेच्या सर्वांत गाजलेल्या पात्राचं नाव बिली. जॅझगायिका बिली हॉलिडे ही वेगळी बाई. ज्यूडी गार्लंडशीही हिचा काही संबंध नाही.

हॉलिडे हे तिचं खरं आडनाव होतं का?

खरं नाव ज्युडिथ तुविम. घर ज्यू होतं. हिब्रूत सणाच्या दिवसांना 'यामीम तोवीम', शब्दशः 'चांगले दिवस', म्हणतात. तुविम हे आडनाव त्यातल्या 'तोवीम'चं भावंड, आणि सणाचा दिवस म्हणजे हॉलिडे. तेव्हा हॉलिवूडमध्ये ज्यू नावं बदलून घेण्याची सर्रास पद्धत होती. हिनं नाव बदललं, पण अर्थ सोडला नाही. स्पेलिंगमध्ये मात्र एक 'एल' जास्तीचा घातला.

ती अभिनयाकडे वळली कशी?

सरळ वाटेनं नाही. आईवडील ती लहान असतानाच वेगळे झाले. आई पियानो शिकवायची. शाळा संपल्यावर पोरीला पहिली नोकरी मिळाली ती ऑर्सन वेल्स आणि जॉन हाउसमन यांच्या मर्क्युरी थिएटरमध्ये. रंगमंचावर नव्हे, टेलिफोनच्या स्विचबोर्डवर. येणारे फोन घ्यायचे, जोडून द्यायचे. ही नोकरी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९३८ साली ग्रीनिच व्हिलेजमधल्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबमध्ये पाच जणांचा एक गट जमला. ज्यूडी, बेटी कॉमडेन, अडॉल्फ ग्रीन, अल्विन हॅमर आणि जॉन फ्रँक. गटाचं नाव 'द रेव्ह्यूअर्स'. दुसऱ्यांची गाणी आणि प्रहसनं वापरायची तर मानधन द्यावं लागतं, आणि पैसे कुणाकडेच नव्हते, म्हणून सगळं स्वतःच लिहायचं ठरलं. अधूनमधून पियानोवर त्यांचा एक मित्र बसायचा, लेनर्ड बर्नस्टाइन. पुढे जगभर ऑर्केस्ट्रा गाजवणारा तोच. कॉमडेन आणि ग्रीन ही जोडी अमेरिकन संगीतिकेच्या इतिहासातली मोठी लेखकजोडी ठरली.

माझ्या मते ज्यूडीची खरी शाळा हेच तळघर. पाच-सात हातांवर प्रेक्षक बसलेला, हातात पेला, शेजाऱ्याशी गप्पा चाललेल्या. अशा माणसाचं लक्ष वेधायचं तर एकेक शब्द कुठे टाकायचा आणि कुठे गप्प बसायचं हे अंगात मुरावं लागतं.

हॉलिवूडनं तिला लगेच उचललं का?

उचललं, आणि खाली ठेवलं. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सला गट नको होता, फक्त ज्यूडी हवी होती. मित्रांना सोडून एकटीनं करार करायला तिची तयारी नव्हती. शेवटी केला. १९४४ मध्ये तीन चित्रपट आले, 'ग्रीनिच व्हिलेज', 'समथिंग फॉर द बॉईज' आणि 'विंग्ड व्हिक्टरी', आणि पहिल्या दोघांत तर ती डोळ्याला लागत नाही. तिसऱ्याचा दिग्दर्शक होता जॉर्ज क्यूकर, आणि त्याच्या मात्र ती लक्षात राहिली. स्टुडिओनं करार पुढे चालवला नाही. ती न्यूयॉर्कला परतली आणि १९४५ मध्ये 'किस देम फॉर मी' या नाटकातल्या भूमिकेबद्दल तिला नवोदितांसाठीचा क्लॅरेन्स डरवेंट पुरस्कार मिळाला.

'बॉर्न यस्टरडे'ची भूमिका तिनं तीन दिवसांत बसवली, हे खरं का?

खरं आहे. गार्सन केनिननं हे नाटक लिहिलं ते जीन आर्थरला डोळ्यांसमोर ठेवून. ती तेव्हाची मोठी तारका. ब्रॉडवेवर येण्याआधी बाहेरगावी प्रयोग करून नाटक घासूनपुसून घ्यायची तिकडे रीत होती. त्या दौऱ्यातच जीन आर्थर आजारी पडली आणि बाहेर पडली. पुढचा मुक्काम फिलाडेल्फिया, थिएटर ठरलेलं, आणि मुख्य नटीच नाही. चोवीस वर्षांच्या, फारसं कुणाला ठाऊक नसलेल्या ज्यूडीला बोलावणं गेलं. जवळजवळ पूर्ण वेळ रंगमंचावर असणारी भूमिका तिनं तीन दिवसांत उभी केली. ४ फेब्रुवारी १९४६ रोजी लायसियम थिएटरमध्ये नाटक ब्रॉडवेवर आलं आणि एकूण १,६४२ प्रयोग झाले. त्यातली पहिली तीन वर्षं आणि वर बिली डॉन ज्यूडीच होती.

त्या नाटकात एवढं काय आहे?

नावापासून सुरू करू. इंग्रजीत 'काल जन्मलेला' म्हणजे आपण ज्याला दूधखुळा म्हणतो तो. हॅरी ब्रॉक हा भंगारच्या धंद्यातून गब्बर झालेला माणूस, एका लोकप्रतिनिधीला खिशात घालायला वॉशिंग्टनला येतो. बरोबर बिली डॉन, एकेकाळी कोरसमध्ये नाचणारी. चारचौघांत ती तोंड उघडते आणि ब्रॉकला लाज वाटते, म्हणून तिला जरा वळण लावायला तो पॉल व्हेरल या पत्रकाराला पैसे देऊन ठेवतो. बिली पुस्तकं वाचायला लागते, शब्दकोश उघडायला लागते. आणि मग तिच्या लक्षात येतं की ब्रॉकनं आपल्या कितीतरी कंपन्या कागदोपत्री तिच्या नावावर केल्या आहेत आणि तिच्या सहीशिवाय त्याचं पान हलत नाही. 'ती फुलराणी' पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला ही जातकुळी ओळखीची वाटेल. फरक एवढाच की इथे शिकलेली बाई प्रोफेसरची नव्हे, पैसेवाल्याची झोप उडवते.

आता एक प्रसंग. चित्रपटात ब्रॉक आणि बिली रात्री जिन रमी खेळत बसतात. संवाद जवळजवळ नाहीतच. ज्यूडी पत्ते उचलते आणि लावायला घेते, आणि तिची बोटं पाहा. हे पान इथे, ते तिथे, पुन्हा इकडे, भाजी निवडणाऱ्या सराईत बाईचे हात चालतात तसे. चेहरा कोरा. मध्येच ती एक जुनं गाणं गुणगुणते, तेही अर्धवट, स्वतःशीच. ब्रॉक वैतागतो. पान टाकतो. ती ते उचलते आणि थंडपणे म्हणते, 'जिन.' म्हणजे डाव तिचा. पुन्हा पिसते. पुन्हा वाटते. पुन्हा तेच.

हा प्रसंग मी कितीदा पाहिला असेल याची मोजदाद नाही. सबंध कथानक त्या टेबलावर आहे. ही बाई बावळट नाही. तिचं डोकं लख्ख चालतं, ते चालवायला आजवर तिला रमीच्या पत्त्यांपलीकडे कुणी काही दिलंच नव्हतं. ज्यूडीनं हे एक वाक्यही न बोलता सांगितलं, तेही बिलीच्या हाती पुस्तक येण्याआधी. बिलीत नंतर होणारा बदल आपल्याला खरा वाटतो तो या बोटांमुळे.

नाटक तिनंच गाजवलं, मग चित्रपटासाठी एवढी खटपट का करावी लागली?

कोलंबिया स्टुडिओचा मालक हॅरी कोन यानं नाटकाचे हक्क दहा लाख डॉलरला घेतले, पण ज्यूडी त्याला नको होती. त्याला पडद्यावर चालेल अशी तयार तारका हवी होती.

मग काही मित्रांनी मिळून एक फार सुंदर गोष्ट केली. गार्सन केनिन आणि त्याची लेखिका-अभिनेत्री पत्नी रूथ गॉर्डन यांनी 'अ‍ॅडम्स रिब' लिहिला होता. दिग्दर्शक क्यूकर, मुख्य भूमिकांत कॅथरिन हेपबर्न आणि स्पेन्सर ट्रेसी. त्यातली डॉरिस अ‍ॅटिंजर, म्हणजे बाहेरख्याली नवऱ्यावर पिस्तूल झाडणारी गृहिणी, ज्यूडीला दिली. कोनला दाखवण्यासाठी याहून चांगली स्क्रीन टेस्ट कुठली असणार?

तुरुंगातल्या भेटीचा प्रसंग बघा. वकील झालेली हेपबर्न आणि आरोपी ज्यूडी समोरासमोर, आणि कॅमेरा कित्येक मिनिटं जागचा हलत नाही. ज्यूडी त्या दिवसाची हकिकत सांगते: काय काय केलं, मधे भूक लागली तेव्हा काय खाल्लं, मग पुढे काय. खुनाचा प्रयत्न आणि खाणं एकाच पट्टीत, बाजारहाटाचा हिशेब द्यावा तसं. हसू येतं आणि तिची कीवही येते. हेपबर्न एवढी मोठी नटी, पण सगळं लक्ष समोरच्या पोरीकडे जाऊ दिलं. हे औदार्य मला त्या चित्रपटातल्या कुठल्याही संवादाइतकंच मोठं वाटतं. १९४९ मध्ये चित्रपट आला आणि कोनचा विरोध मावळला.

मग ऑस्करचा तो वाद काय आहे?

१९५० सालच्या चित्रपटांसाठीचं ऑस्कर २९ मार्च १९५१ रोजी दिलं गेलं. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीसाठी नामांकनं अशी: 'ऑल अबाउट ईव्ह'साठी बेटी डेव्हिस आणि अ‍ॅन बॅक्स्टर, 'सनसेट बुलेव्हार्ड'साठी ग्लोरिया स्वॉन्सन, 'केज्ड'साठी एलिनॉर पार्कर, आणि 'बॉर्न यस्टरडे'साठी ज्यूडी. जिंकली ज्यूडी. तेव्हापासून आजतागायत म्हटलं जातं की डेव्हिस किंवा स्वॉन्सनवर अन्याय झाला, किंवा एकाच चित्रपटातल्या दोघींत मतं फुटली.

त्या रात्री ज्यूडी लॉस एंजेलिसला नव्हती. न्यूयॉर्कमधल्या एका रेस्तराँत रेडिओभोवती मंडळी जमली होती. त्यांत ज्यूडी होती, होझे फेरर होता आणि स्वतः ग्लोरिया स्वॉन्सनही होती. फेररला त्याच रात्री सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. आणखी एक गंमत म्हणजे विल्यम होल्डन त्या वर्षी स्वॉन्सनचाही नायक होता आणि ज्यूडीचाही.

माझं मत विचाराल तर डेव्हिस आणि स्वॉन्सन दोघींची कामं डोंगराएवढी आहेत, यात शंकाच नाही. पण विनोदी भूमिकेला आपण आपोआप खालचा पाट देतो, तो का? क्यूकरनं चित्रीकरणाआधी स्टुडिओत प्रेक्षक बसवून नाटकासारखे प्रयोग करून घेतले होते, हशा कुठे येतो, किती वेळ टिकतो हे मोजायला. शेकडो प्रयोग करून कसलेली ज्यूडी पुन्हा तिथून सुरू झाली. प्रत्येक हशाच्या आधीचा श्वास तिनं शोधलेला आहे. पडद्यावर ते सहज वाटतं, त्यामुळे कष्ट दिसत नाहीत, एवढंच.

तिच्यावर कम्युनिस्ट असल्याचा आरोप झाला होता का?

झाला होता, आणि तो काळ तिच्या कारकिर्दीच्या ऐन बहरातच आला. जून १९५० मध्ये 'रेड चॅनल्स' नावाची पुस्तिका निघाली. रेडिओ-टीव्हीवरच्या दीडशे कलावंत-पत्रकारांची नावं, आणि प्रत्येकापुढे त्याचे कथित डावे संबंध. ज्यूडीचं नाव त्यात होतं. एफबीआयनं चौकशी केली, ती पक्षाची सभासद असल्याचा पुरावा सापडला नाही. तरी २६ मार्च १९५२ रोजी तिला सिनेटच्या अंतर्गत सुरक्षा उपसमितीपुढे हजर व्हावं लागलं.

तिथे काय झालं ते साक्षीच्या नोंदींत वाचायला मिळतं. ती बिली डॉनच्या जवळपासची कुणी होऊन बसली. सह्या केल्या असतील, कुणी चांगल्या कामासाठी मागितल्या तर मी नाही म्हणत नसे, आता मात्र शहाणी झाले, कॅन्सर, पोलिओ असल्या कामांखेरीज कशालाच हो म्हणत नाही, अशा अर्थाची तिची उत्तरं आहेत. समोरच्यांना वाटलं, बाई भोळी आहे. आणि या सगळ्या भोळेपणात तिनं एकाही सहकाऱ्याला अडकवलं नाही. भल्याभल्यांनी त्या काळात मित्रांची नावं देऊन आपली कातडी वाचवली, हे आठवलं की तिची साक्ष वाचताना ऊर भरून येतो.

किंमत मोजावी लागलीच. चित्रपट थांबले नाहीत, पण रेडिओ आणि टीव्हीची दारं जवळजवळ तीन वर्षं बंद राहिली.

तिचा बुद्ध्यांक १७२ होता म्हणतात. खरं का?

हा आकडा तिच्याबद्दलच्या प्रत्येक लेखात छापलेला असतो. ती कमालीची बुद्धिमान होती, याबद्दल तिच्याबरोबर काम केलेल्यांत दुमत नाही. पण बुद्धी पाहायची तर आकड्यापेक्षा तिनं पात्रांना काय दिलं ते पाहावं. 'डम ब्लाँड', म्हणजे सोनेरी केसांची मठ्ठ बाई, हा अमेरिकन विनोदातला ठोकळा तिच्याआधीही होता, नंतरही राहिला. त्यात प्रेक्षक त्या बाईला हसतो. ज्यूडीच्या बायका प्रश्न विचारतात. समजलं नाही तर समजलं नाही म्हणतात, आणि त्यांच्या त्या साध्या प्रश्नानं समोरच्या शहाण्याची गोची होते.

'द सॉलिड गोल्ड कॅडिलॅक' (१९५६) हे याचं उत्तम उदाहरण. लॉरा पार्ट्रिज हिच्याकडे एका अवाढव्य कंपनीचे दहा शेअर. कंपनीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सगळे ठराव धडाधड मंजूर होत असताना ही हात वर करून विचारते, की अध्यक्षांना एवढा पगार कशासाठी, ते नक्की काय काम करतात? सभागृहात शांतता. आपल्याकडे सोसायटीच्या किंवा बँकेच्या सर्वसाधारण सभेला बसलेल्या कुणालाही तो क्षण ओळखीचा वाटेल. हा सबंध चित्रपट कृष्णधवल आहे, फक्त शेवटचा प्रसंग रंगीत, गाडीचं सोनं दिसावं म्हणून. नायक पॉल डग्लस. ब्रॉडवेवरचा हॅरी ब्रॉक तोच.

तिनं फक्त विनोदीच कामं केली का?

असं वाटणाऱ्यांनी 'द मॅरिइंग काइंड' (१९५२) पाहावा. केनिन आणि गॉर्डनचं लेखन, क्यूकरचं दिग्दर्शन, नायक आल्डो रे. पोस्टात काम करणारा नवरा आणि त्याची बायको घटस्फोटासाठी न्यायाधीशापुढे आले आहेत आणि आपापला संसार आठवून सांगताहेत. अर्धा चित्रपट तुम्ही हसत असता.

मग सुट्टीच्या दिवशीची सहल येते. तळ्याकाठी गवतावर बसून ज्यूडी युकुलेली वाजवत गाणं म्हणतेय. छोटंसं, गमतीचं गाणं. नवरा पहुडलेला. मागून कुणीतरी धावत जातं. आणखी दोघं-तिघं धावतात. ती गातच असते, कारण तिला अजून काही कळलेलं नाही. आपल्याला कळलेलं असतं. त्यांचा मुलगा तळ्यात बुडालेला असतो.

इतक्या हलक्या हातानं इतकं मोठं दुःख दाखवलेलं मी फार कमी पाहिलं आहे. हा चित्रपट 'बॉर्न यस्टरडे'इतका गाजला नाही, पण मला विचाराल तर पडद्यावरचं तिचं सर्वांत खोल काम हेच.

जॅक लेमनला तिनं पुढे आणलं, असं म्हणतात. कुठल्या चित्रपटात?

'इट शुड हॅपन टु यू' (१९५४). लेमनची ही पहिली मोठी चित्रपट-भूमिका. ग्लॅडिस ग्लोव्हर ही न्यूयॉर्कमधली नोकरी गेलेली मुलगी. शिल्लक पुंजीतून ती कोलंबस सर्कलवरचा एक भलाथोरला जाहिरातफलक भाड्यानं घेते आणि त्यावर फक्त स्वतःचं नाव रंगवते. बाकी काही नाही. एका साबण कंपनीला नेमका तोच फलक हवा असतो, बदल्यात तिला शहरभर आणखी फलक मिळतात, आणि काहीही न करता बाई प्रसिद्ध होते. सत्तर वर्षांपूर्वी लिहिलेली ही गोष्ट आजच्या पोरांना दाखवा, समजावून सांगावं लागणार नाही. लेमनबरोबर तिनं त्याच वर्षी 'फिफ्ट' हा चित्रपटही केला. तो ठीक आहे.

'बेल्स आर रिंगिंग' म्हणजे तीच फोनवाली गोष्ट ना?

तीच. स्विचबोर्डवरची नोकरी लक्षात ठेवा म्हटलं होतं, ते यासाठी.

तळघरातले जुने सोबती कॉमडेन आणि ग्रीन यांनी ही संगीतिका ज्यूडीसाठीच लिहिली. संगीत ज्यूल स्टाइन, दिग्दर्शन जेरोम रॉबिन्स, नृत्यात रॉबिन्सबरोबर बॉब फॉसी. एला पीटरसन ही लोकांचे फोन घेऊन निरोप टिपून ठेवणाऱ्या सेवेत काम करते. त्या काळी घरात उत्तर देणारं यंत्र नव्हतं, हे काम बाया करत. एला निरोप टिपता टिपता ग्राहकांच्या आयुष्यात गुंतत जाते. कुणासाठी सांताक्लॉज होते, एका नाटककारासाठी म्हातारी आई होते, आणि त्या नाटककाराच्या प्रेमात पडते. आवाज बदलण्याची ज्यूडीची सगळी किमया इथे कामी आली.

२९ नोव्हेंबर १९५६ रोजी शुबर्ट थिएटरमध्ये संगीतिका आली आणि ९२४ प्रयोग झाले. 'जस्ट इन टाइम' आणि 'द पार्टीज ओव्हर' ही गाणी यातलीच. दुसरं ती एकटी उभी राहून गाते, काही हातवारे नाहीत. १९५७ चं संगीतिकेतल्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं टोनी तिला मिळालं, आणि स्पर्धेत कोण होतं पाहा: एथेल मर्मन, आणि 'माय फेअर लेडी'मधली ज्युली अँड्रूज. म्हणजे ब्रॉडवेच्या मूळ फुलराणीलाच तिनं मागे टाकलं. १९६० मध्ये व्हिन्सेंट मिनेलीनं यावर चित्रपट केला, नायक डीन मार्टिन. तो तिचा शेवटचा चित्रपट.

तिचं खासगी आयुष्य?

१९४८ मध्ये क्लॅरिनेटवादक डेव्हिड ऑपनहाइमशी लग्न, पुढे घटस्फोट. एक मुलगा, जोनाथन. तो चित्रपटसंकलक झाला आणि 'पॅरिस इज बर्निंग' या नावाजलेल्या माहितीपटाचं संकलन त्याचं. नंतरच्या वर्षांत तिचा सोबती होता जॅझमधला सॅक्सोफोनवादक जेरी मुलिगन. 'बेल्स आर रिंगिंग' चित्रपटात एका छोट्या प्रसंगात तो दिसतोही. त्याच्याबरोबर ती गीतलेखनाकडे वळली. तो चाल बांधायचा, ती शब्द लिहायची.

तिनं इतके कमी चित्रपट का केले?

मुख्य भूमिकेचे मोजले तर सातच भरतात. एक तर ती मनानं न्यूयॉर्कची आणि रंगभूमीची. एकेका भूमिकेला तिनं दोन-तीन वर्षं दिली. दुसरं, स्टुडिओला तिच्याकडून पुन्हा पुन्हा बिली डॉनच हवी होती. आणि तिसरं, आजार. १९६० मध्ये तिनं 'लॉरेट' हे गंभीर नाटक घेतलं, लॉरेट टेलर या थोर अभिनेत्रीच्या आयुष्यावरचं. बाहेरगावच्या दौऱ्यातच तिचा घसा बसला, नाटक ब्रॉडवेवर पोहोचलंच नाही, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तिच्यावर स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. १९६३ मध्ये ती 'हॉट स्पॉट' या संगीतिकेतून परतली, पण ती ४३ प्रयोगांत बंद पडली.

दोन वर्षांनी आजार उलटला. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात ती गेली. जोनाथन तेव्हा बारा वर्षांचा होता.

पहिल्यांदा काय बघू?

'अ‍ॅडम्स रिब', तुरुंगातल्या प्रसंगासाठी. लगेच 'बॉर्न यस्टरडे', शक्य तर दुसऱ्याच दिवशी. १९९३ मध्ये त्याचा रिमेक आला होता, त्याच्या वाटेला जाऊ नका. मग 'इट शुड हॅपन टु यू'. 'द मॅरिइंग काइंड' एकट्यानं आणि सवडीनं पाहा. इंग्रजी उपशीर्षकं चालू ठेवा, पण डोळे खाली खिळू देऊ नका, नाहीतर रमीची बोटं निसटतील.

बिली डॉनचा तो चिरका आवाज ज्यूडीचा स्वतःचाच होता का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. नाही, तो आवाज बिलीसाठी घडवलेला. तिचा स्वतःचा आवाज ऐकायचा असेल तर मुलिगनबरोबरचा गाण्यांचा संग्रह शोधा, 'हॉलिडे विथ मुलिगन'. ध्वनिमुद्रण १९६१ चं, म्हणजे शस्त्रक्रियेनंतरचं. काही गाण्यांचे शब्द तिचेच आहेत. आवाज खालच्या पट्टीतला, मऊ, थोडा दमलेला, कुठेही पुढे पुढे न करणारा. हा संग्रह बाजारात आला १९८० मध्ये. तिला जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती.